थीम पार्कला कॅमेरा न्यायचा, तर बॅग कोणती घ्यावी?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क आणि जमलंच तर नाताळात हैदराबाद, म्हणजे रामोजी फिल्मसिटी आणि वंडरला पार्क, असा बेत घरात शिजतोय. बरोबर नवरा, सासूबाई, पाचवीतली मुलगी आणि बालवाडीतला मुलगा. कॅमेरा निकॉन डी३५००, त्याच्या जोडीला आलेल्या दोन लेन्स, १८-५५ (जवळचं, रुंद टिपणारी) आणि ७०-३०० (लांबचं ओढून घेणारी).

कॅमेऱ्याबरोबर मिळालेली बॅग चौकोनी आहे, एका खांद्यावर लटकणारी. चालताना मांडीवर आपटते आणि वाकलं की घसरून पुढे येते. लहानग्याला कडेवर घेतलं की मग संपलंच. आता दिवसभर पार्कात फिरायचं, रांगेत उभं राहायचं, मध्येच पाळण्यात बसायचं, तर कॅमेरा ठेवायचा कशात? दोन्ही लेन्स न्याव्यात का? आणि मी राइडमध्ये असताना बॅग कुणाकडे? सासूबाईंना एका जागी बॅगा राखत बसवायचं मला मुळीच पटत नाही, त्याही फिरायलाच येतायत.

बजेट दोन-अडीच हजार. अनुभवी मंडळींनी सांगावं.

होटगी_रोड

ताई, खरं सांगू? फोन न्या. आजकालच्या फोनचे फोटो भारी येतात, पाण्याचं टेन्शन कमी, खिशात मावतो. लहान मुलं बरोबर असताना कॅमेरा म्हणजे अजून एक लेकरू सांभाळणं.

जुळे_सोलापूर

होटगी_रोड, फोन असणारच आहे. पण लांबच्या पाळण्यातला चेहरा फोनवर ओढून घेतला की नुसता चिखल होतो, आणि मला नेमके तेच फोटो हवेत. मुलगी पहिल्यांदा मोठ्या राइडमध्ये बसणार, तेव्हाचा तिचा चेहरा.

सात_रस्ता

ताई, कॅमेरा जरूर न्या. फोटो काढायला लागून माझे केस पांढरे झाले, आणि घरच्यांना घेऊन अशा पार्कांतूनही भरपूर फिरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पार्कातली बॅग आणि ट्रेकची किंवा लग्नातली बॅग या पूर्ण वेगळ्या गोष्टी. लग्नात बॅग कोपऱ्यात ठेवून तुम्ही फिरता. पार्कात ती सकाळी गेटवर तपासली जाते, राइडच्या रांगेत दर दोन मिनिटांनी एक पाऊल पुढे सरकते, जेवताना टेबलाखाली जाते, आणि राइडच्या फलाटावर दहा सेकंदांत काढून द्यावी लागते. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न ‘काय काय मावतं’ हा नाहीच. बसल्यावर ती दोन पायांच्या मध्ये राहते का, आणि उभ्या-उभ्या एका हाताने कॅमेरा बाहेर येतो का, हे दोनच प्रश्न. यात बसत नसेल तर बॅग कितीही महागाची असो, कॅमेरा दिवसभर आतच राहतो आणि फोटो फोनवरच निघतात.

तुमच्यासाठी स्लिंग बॅग. सहा ते आठ लिटरची, एकाच पट्ट्याची, पाठीवर तिरकी बसते आणि ओढली की छातीवर येते. मूल कडेवर असलं तरी ती पाठीवर सरकवता येते. घेताना दुकानातच कॅमेरा लेन्ससकट आत घालून बघा. पट्टा किमान चार बोटं रुंद हवा, आणि पट्ट्याला दुसरा एक बारीक पट्टा काखेखालून लावायचा असला तर उत्तमच, धावताना बॅग पुढे येत नाही. चेन कुठल्या बाजूला उघडते तेही बघा. छातीवर घेतल्यावर झाकण तुमच्यापासून लांब पुढच्या बाजूला उघडलं पाहिजे, म्हणजे उघडल्यावर तेच समोरच्या गर्दीला आडोसा होतं आणि तुम्हाला आतलं सगळं वरून दिसतं. तळाला जाड फोम हवा, कारण दिवसातून कितीतरी वेळा ती सिमेंटवर टेकणार. आणि रेनकव्हर. ते बॅगेला शिवलेलं असेल तर हरवत नाही.

वजनाचं म्हणाल तर तुमचा डी३५०० बॅटरी-कार्डासह ४१५ ग्रॅम आणि १८-५५ साधारण २०० ग्रॅम. म्हणजे सव्वासहाशेच्या आत. हे ओझंच नाही. ओझं होतं ते ‘लागेल म्हणून’ घेतलेल्या बाकीच्या सामानाचं.

अक्कलकोट_रोड

सात_रस्ता काकांचं म्हणणं मान्य, पण काका, बालवाडीतलं पोर बरोबर आहे! त्याचे कपडे, पाण्याच्या बाटल्या, औषधं, टोपी, हे कुठं ठेवायचं? स्लिंग आणि वर एक पाठीवरची, म्हणजे परत दोन बॅगा.

आमच्या घरी दुसरी पद्धत आहे. पाठीवरची साधीच सॅक, पण आत कॅमेऱ्याचा खण सुटा. तयार इन्सर्ट ऑनलाइन मिळतात. पण आपल्या सोलापुरात शिलाईची माणसं काय कमी आहेत का? मी बॅगा शिवणाऱ्याकडून करून घेतला. एक सेंटिमीटरचा ईव्हीए फोम, त्यावर आतून मऊ कापड, मधे वेलक्रोचा पडदा, आणि वर उचलायला एक पट्टी. मापं घेताना कॅमेरा लेन्स लावलेला ठेवायचा आणि लेन्सचं तोंड खाली. असं ठेवलं की वरून ग्रिप थेट हातात येते. बॅग मुलांच्या सामानासाठी लागली की खण उचलून हॉटेलात ठेवायचा.

आणि एक खास सोलापुरी सल्ला: सॅकेत आपला टेरी टॉवेल टाकाच, नॅपकिनच्या मापाचा. कॅमेरा गुंडाळायला, पाणी टिपायला, कठड्यावर कॅमेरा टेकवताना खाली घ्यायला. हे दुसऱ्या कशाने भागत नाही. मायक्रोफायबरचं फडकं फक्त काचेसाठी.

सात_रस्ता

अक्कलकोट_रोड, खण शिवून घ्यायची कल्पना फार आवडली. फक्त सॅक वरून उघडणारी नको. कॅमेरा तळाला आणि वर खाऊचे डबे असं झालं की कुणी काढत नाही. बाजूने चेन असलेली सॅक घ्यावी, एक खांदा काढून पुढे ओढली की कॅमेरा हाताशी.

घरात दोन मोठी माणसं आहेत. पोरांची सॅक नवऱ्याच्या पाठीवर, कॅमेऱ्याची स्लिंग ताईंकडे. मी तरी यावर ठाम आहे.

जुळे_सोलापूर

दोघांचेही आभार. लेन्सचं सांगा ना. ७०-३०० घरी ठेवू? आणि राइडचे फोटो काढताना सेटिंग काय? आत्तापर्यंत मी ऑटोवरच काढत आलेय.

सात_रस्ता

एकच न्यायची तर १८-५५. पार्कात गर्दीत पाच पावलं मागे सरकायला जागा मिळत नाही, तिथे १८ लागतंच. पण तुम्हाला मुलीचा चेहरा हवाय, त्याला ७०-३०० लागणार. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा आतला भाग) दीडपट ओढतो, म्हणजे ३०० चं ४५० झालं. तेव्हा दोन्ही घ्या, पण लेन्स दिवसातून एकदाच बदला. सकाळी ऊन चांगलं असताना लांबची लावून मोठ्या राइड उरकायच्या, जेवणाच्या वेळी आत बसून शांतपणे बदलायची, मग संध्याकाळपर्यंत १८-५५. रांगेत धुळीत उभं राहून लेन्स काढायची नाही. डी३५०० मध्ये सेन्सर आपोआप झटकायची सोय नाही, धूळ बसली की प्रत्येक फोटोत आकाशात ठिपका.

आता राइड. डायल ‘एस’वर न्या, म्हणजे शटरचा वेग तुमच्या हातात. वेगात येणारा रोलर कोस्टर गोठवायचा तर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर राहू द्या. फोकस एएफ-सी, म्हणजे हलत्या वस्तूवर सतत लागत राहणारा, कारण गाडी तुमच्याकडे येत असते. आणि स्क्रीनवर बघून नाही, डोळा लावून काढा, या कॅमेऱ्यात स्क्रीनवरचा फोकस सावकाश लागतो. सेकंदाला ५ फोटो निघतात, बटण दाबून धरा.

पण कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी एक-दोन फेऱ्या नुसत्या बघा. गाडी कुठून येते, कुठे उलटी होते, ऊन कुठल्या अंगाने पडतं. इमॅजिकाचा नायट्रो फ्लोअरलेस आहे, पायाखाली फळी नाही, पाय मोकळे लोंबतात. त्यामुळे पुढच्या रांगेतल्या माणसांचे पाय आणि चेहरे एकाच चौकटीत येतात, खालून वर काढलात तर फोटोत जीव येतो. मुलीला पुढच्या रांगेत बसू द्यायचं का ते तिचं तिला ठरवू द्या, आणि प्रत्येक राइडला उंचीची अट असते ती आधी बघून ठेवा. हैदराबादच्या वंडरलात रीकॉइल आहे. ती गाडी त्याच वळणांतून पुढे जाते आणि त्याच वाटेने उलटी परत येते. फोटो काढणाऱ्याला याहून चांगली राइड नाही. पहिल्या वेळी चौकट चुकली तरी अर्ध्या मिनिटात तीच गाडी त्याच जागी परत.

पोरांच्या पाळण्यांना मात्र १/१००० लावू नका. घोड्यांचा गोल पाळणा गोठवला की तो बंद पडल्यासारखा दिसतो. १/३० ठेवा, पोराच्या चेहऱ्यावर चौकट धरून त्याच्याबरोबर कमरेतून वळत राहा आणि वळता-वळता बटण दाबा. मागचे दिवे रेघा होतात, पोर स्पष्ट राहतं. बरेच फोटो वाया जातात, पण जमलेला एक आयुष्यभर भिंतीवर राहतो.

भवानी_पेठ

याची तालीम कुठं करायची ते मी सांगतो. आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा! जानेवारीत होम मैदानावर आकाशपाळणे, ब्रेकडान्स, मौत का कुआँ, सगळं लागतं. १/३० चं वळणं, रात्रीचे दिवे, गर्दीतून बॅग सांभाळत जाणं, सगळ्याचा सराव घराजवळ. दिवाळीचा बेत तर त्याआधीच येतोय, तोवर मुलाच्या सायकलवर करा, पण पुढच्या सहलींसाठी गड्डा सोडू नका.

आणि आतषबाजी. मोठ्या परदेशी पार्कांत रात्री असते, इथे आपल्याकडे किंक्रांतीला शोभेचं दारूकाम असतं. पद्धत तीच. कॅमेरा ‘एम’वर (सगळं आपल्या हातात), आयएसओ १००, अपर्चर (लेन्सच्या भोकाचं माप) ८ ते ११, शटर २ ते ४ सेकंद. फोकस आधी लांबच्या दिव्यावर लावून मग मॅन्युअलवर न्यायचा, नाहीतर अंधारात लेन्स नुसती मागेपुढे शोधत बसते. पहिल्या काही मिनिटांत काढून घ्या, नंतर धूर साठतो. वारा पाठीवर घेऊन उभं राहिलात तर धूर तुमच्यापासून लांब जातो.

अक्कलकोट_रोड

२ ते ४ सेकंद म्हणजे ट्रायपॉड आला की, आणि पार्कात ट्रायपॉड सहसा नेऊ देत नाहीत.

भवानी_पेठ

म्हणून तर बॅग! कठड्यावर बॅग आडवी ठेवायची, तिच्यावर तुमचा तो टेरी टॉवेल गुंडाळी करून, त्यात कॅमेरा रुतवायचा. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावून हात काढून घ्यायचा. पट्टा मनगटाला गुंडाळलेला पाहिजे, हे विसरायचं नाही. मी असे काढलेले दारूकामाचे फोटो मोठ्या आकारात छापलेत, कुठे हललेलं दिसत नाही.

विजापूर_नाका

माझा एक प्रश्न. माझ्याकडे मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे. संध्याकाळच्या परेडचे फोटो काढले की आडव्या काळ्या पट्ट्या येतात. कॅमेरा बिघडलाय का?

सात_रस्ता

नाही, बिघडलेला नाही. सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चालू असणार. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, म्हणून काही ओळी उजळ आणि काही काळ्या. मेकॅनिकल शटर लावा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. परेड चालतच असते, १/१०० ला जरा हलेल, पण पट्ट्या जातील.

पुण्यातला_सोलापूरकर

पाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. इमॅजिकाला थीम पार्कच्या शेजारी वॉटर पार्क आणि स्नो पार्क वेगळे आहेत. वॉटर पार्कच्या दिवशी डीएसएलआर, म्हणजे ताईंचा मोठा कॅमेरा, हॉटेलातच. बॅग कितीही वॉटरप्रूफ म्हणून विकलेली असो, चेनमधून पाणी जातं. ज्यांचं तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बंद करतात त्या ड्राय बॅगा खऱ्या. फोनसाठी गळ्यात अडकवायची पारदर्शक थैली घ्या आणि आदल्या दिवशी आत टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच फोन घाला.

स्नो पार्कमधून बाहेर येताना लक्ष द्या. गार झालेला कॅमेरा दमट हवेत आला की काचेवर आणि आतही बाष्प धरतं. बाहेर पडायच्या आधी, थंडीतच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा. मग बाष्प पिशवीवर बसतं. कॅमेरा बाहेरच्या तापमानाला आला की उघडा, साधारण अर्धा तास लागतो. पुसत बसू नका. एसी गाडीतून उतरल्यावर जरा कमी प्रमाणात हेच होतं, म्हणून पोहोचायच्या थोडं आधी बॅग एसीच्या झोतापासून लांब ठेवा. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत हा त्रास जाणवत नाही, घाट उतरला की जाणवतो.

उन्हात कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवून पार्कात जाणं हेही टाळा.

शेळगी

हैदराबादला गाडीने जाणार असाल तर रस्ता सरळ आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद हाच आपला राष्ट्रीय महामार्ग ६५ पुढे विजयवाड्याला जातो आणि रामोजी त्याच रस्त्यावर, हैदराबाद ओलांडून. वाटेत नळदुर्गचा किल्ला आहे. पाणीमहाल बघायचाच, आणि पावसाळ्यात कधी गेलात तर नर-मादी धबधबे वाहतात तेव्हा.

रामोजी म्हणजे थीम पार्कपेक्षा चित्रपटनगरी. १९९६ साली सुरू झाली, १६६६ एकरांवर पसरलेली. आत बसने फिरवतात, त्यामुळे स्लिंग बॅग मांडीवर आणि तुम्ही बाहेरच्या कडेच्या सीटवर. चालत्या बसमधून १/५०० च्या खाली उतरू नका. सेट म्हणजे नुसत्या दर्शनी भिंती असतात, दुपारी सपाट दिसतात. उतरवतात तिथे कडेने काढा, सावल्या पडलेल्या बाजूने.

कुंभारी

आम्ही सिंगापूरला सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सलला जाऊन आलो. त्यावरून थोडं. तिथे मोठ्या राइडला बॅगच काय, खिशातलं सुटं सामानही नेऊ देत नाहीत, बाहेर लॉकर असतात. थोडा वेळ फुकट, मग पैसे. लॉकरचा खण छोटा असतो, म्हणून बॅग मऊ हवी. आमची कडक डब्यासारखी बॅग आत जाईना, शेवटी एकेक जण बाहेर थांबला. काही पार्कांत मोठ्या राइडला अशी सोय असते की घरचा एक जण लहानग्याला घेऊन थांबतो आणि मग परत रांग न लावता जोडीदाराबरोबर जागा बदलतो. आपल्याकडच्या पार्कात आहे का ते गेटवरच विचारून घ्या. ताईंच्या सासूबाई बॅगा राखत बसण्याचा प्रश्न त्याने बराचसा सुटेल, बॅग नेहमी बाहेर थांबलेल्याच्या अंगावर.

डिस्नेच्या पार्कांत सेल्फी स्टिक २०१५ पासून बंद आहे, नेऊच नका. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत चालतं, २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची, म्हणजे बसते. सुट्या बॅटरीचे टोक उघडे ठेवू नका, टोपण लावा किंवा चिकटपट्टी.

सात_रस्ता

कुंभारी, मऊ बॅगेचा मुद्दा फार महत्त्वाचा, माझ्याकडून राहिला होता. ताई, तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी कंपनीच्या मापाप्रमाणे एका चार्जिंगला १५५० फोटो देते. दिवसाला एक पुरते. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा ते पैसे पट्ट्यात घाला.

नीलम_नगर

सगळं वाचलं, छान माहिती. मला एक वेगळंच सांगायचंय. आमच्या घरच्या सगळ्या सहलींचे अल्बम काढून बघितले तर आईचा फोटो जवळजवळ नाहीच, कारण कॅमेरा तिच्याच हातात. ताई, तुमच्याही बाबतीत हेच होणार. एस मोडवर १/१००० ठेवून कॅमेरा नवऱ्याच्या हातात दिला तर सावलीतले फोटो खराब येतील, म्हणून द्यायच्या आधी डायल ऑटोवर फिरवून द्या. मुलीलाही शिकवा. पाचवीतलं पोर पट्टा गळ्यात घालून मस्त फोटो काढतं, आणि ती आजीचे जे फोटो काढेल ते तुम्हाला कधीच मिळणार नाहीत, कारण आजी तुमच्यासमोर सावरून बसतात.

आणि मुलांचे काढताना खाली बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत टोपीच दिसते. टोपीची सावली चेहऱ्यावर पडत असेल तर भर उन्हात फ्लॅश वापरा. राइडच्या आत मात्र फ्लॅश बंद, अंधारात चालवणाऱ्यांना आणि बाकीच्यांना त्रास होतो, बहुतेक ठिकाणी मनाईच असते.

जुळे_सोलापूर

किती लिहिलंत सगळ्यांनी! खूप खूप आभार. आज नवी पेठेत जाऊन दोन बॅगा बघितल्या. सात_रस्ता काका म्हणाले तसा कॅमेरा आत घालून बघितला. एकीत १८-५५ लावून बसतो पण ७०-३०० बाजूला नीट राहत नाही, तिरकी होते. दुसरी मोठी आहे, दोन्ही छान बसतात, पण पाठीवर ती चांगलीच जाणवते आणि कडक आहे. सात वर्षांच्या पोराएवढी उंच नाही, पण लॉकरमध्ये जाईल असं वाटत नाही. नवऱ्याचं मत दुसरीकडे, माझं पहिलीकडे.

सात_रस्ता

पहिली घ्या. ७०-३०० आत उभी बसत नसेल तर मधला वेलक्रोचा पडदा काढून तळाला आडवा टाका आणि लेन्स नॅपकिनमध्ये गुंडाळून कॅमेऱ्याच्या शेजारी उभी करा. तरीही तिरकी झाली तर तिला एक मऊ थैली शिवून घ्या आणि ती नवऱ्याच्या सॅकेत जाऊ द्या. दिवसातून एकदाच तर बदलायची आहे.

अक्कलकोट_रोड

थैली शिवायची असेल तर ताई मला निरोप टाका, कारागिराचं दुकान कुठं आहे ते कळवतो. दिवाळीच्या आधी त्याच्याकडे कामाची रीघ असते, या आठवड्यातच द्या. आणि पहिल्या बॅगेला रेनकव्हर आहे का ते बघितलं का?

जुळे_सोलापूर

नाहीये! दुकानदार म्हणाला वेगळं मिळेल, पण त्या मापाचं त्याच्याकडे नव्हतं. निरोप टाकते.

पुण्यातला_सोलापूरकर

शाळेच्या दप्तराला लावायचं रेनकव्हर मिळतं, लहान मापाचं घ्या, कडेला इलॅस्टिक असतं त्यामुळे स्लिंगलाही बसतं. दिवाळीत घाटाखाली एखादी सर येऊ शकते, न्याच.